संग्राहकाचा डबा म्हणजे सॅम्पल नव्हे

जपानचं 'कानएइ त्सूहो' हे चौकोनी भोकाचं नाणं बहुतेक संग्राहकांकडे असतंच. किंमत एक मोन, म्हणजे अगदी सुट्टे पैसे. १६३६ पासून तोकुगावा काळाच्या अखेरपर्यंत ते ओतलं गेलं आणि कायदेशीर चलन म्हणून तर थेट १९५३ पर्यंत टिकलं. त्यामुळे आजही ते भरपूर आणि स्वस्त मिळतं. साहजिकच कुणालाही वाटतं, चला, एवढा तयार डेटा पडलाय तर वापरू.

इथेच जरा थांबा.

संग्राहकांचं वर्गीकरण काही बाबतीत खरंच उत्तम आहे. शेवटच्या 'हो' या चिन्हाच्या तळाचे दोन फटकारे बघा. ते काताकाना लिपीतल्या 'सु'सारखे जुळलेले दिसले तर नाणं जुनं. 'हा'सारखे सुटे असले तर १६६८ नंतरचं. भिंग घेऊन कुणीही तपासावं, असा स्पष्ट निकष.

पण आकारावरून पाडलेले उपप्रकार मला तितके पटत नाहीत. ही नाणी ओतीव. मातृनाणं वाळूत दाबून साचा करायचा, त्यात धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून मूल आईपेक्षा किंचित लहान. त्या मुलाचाच पुन्हा साचा केला तर नातवंड आणखी लहान. वर कडा कानशीने घासलेल्या, शिवाय वापरातली झीज. मग थोडासा कमी व्यास म्हणजे नवा प्रकार, की नकलेची पुढची पिढी? यादीत नुसता वेगळा क्रमांक देऊन हा प्रश्न सुटत नाही.

खरं नुकसान मात्र प्रमाणाचं होतं. ही नाणी दोरीत ओवून चालायची, आणि ९६ नाण्यांची माळ १०० मोन म्हणून घेतली जायची. (चार मोन कुठे गेले हा वेगळ्या पोस्टचा विषय!) न सोडलेल्या माळेत जुनी किती, नवी किती हे मोजलं तर त्या वेळी हातोहात काय फिरत होतं याचा अंदाज येतो. संग्राहक माळ सोडतो, दोन दुर्मीळ नाणी ठेवतो आणि बाकीची विकतो. थडग्यात मृताबरोबर ठेवलेल्या सहा नाण्यांचंही तेच. त्यात एक १६६८ नंतरचं सापडलं तर दफन त्याआधीचं नाही, एवढं नक्की म्हणता येतं. तेच नाणं डब्यात आलं की ही माहिती गेली. अशा डब्यातली पाचशे नाणी एक्स-रे यंत्राखाली ठेवून कथिलाची सरासरी काढली, तर ती चलनाची सरासरी नसते, संग्राहकाच्या आवडीची असते.

ब्रिटिश म्युझियमच्या मेइजीपूर्व जपानी नाण्यांचा २०१० चा कॅटलॉग म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या शीर्षकातच कुत्सुकी मासात्सुना या संग्राहकाचं नाव आहे. हा फुकुचियामाचा दाइम्यो, पाश्चात्त्य नाण्यांवरही १७८७ मध्ये पुस्तक काढणारा. चाळणी कुणाची ते समोर लिहिलेलं आहे. अर्थात चाळणी कळली म्हणून गाळलेलं परत मिळत नाही.

तरी सगळे डबे बाद करू नका. १६६८ पासून एदोत ओतलेल्या, पाठीवर 'बुन' चिन्ह असलेल्या नाण्यांबद्दल आख्यायिका आहे की ती क्योतोच्या होकोजी मंदिरातला मोठा बुद्ध वितळवून केली. इथे नाणं कुठल्या माळेतलं याने काही बिघडत नाही, कारण ओळख पाठीवरच कोरलेली आहे. मिश्रधातूचं प्रमाण आणि शिशाचे समस्थानिक तपासायला संग्राहकाचं नाणंही चालेल. फक्त तुलनेला त्या मूर्तीचा खात्रीचा तुकडा हवा.