गृहिणी, वय ४९

बॅरो-इन-फर्नेस हे वायव्य इंग्लंडमधले जहाजबांधणीचे गाव. तिथल्या नेला लास्ट या सुताराच्या बायकोने १९३९मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, रोजनिशी लिहायला घेतली. सामान्य माणसांच्या जगण्याच्या नोंदी जमवणाऱ्या ‘मास ऑब्झर्वेशन’ या संस्थेसाठी हे लेखन होते. तिने आपली ओळख दिली ती एवढीच : गृहिणी, वय ४९. या नोंदींतून निवडलेले ‘नेला लास्ट्स वॉर’ हे पुस्तक १९८१मध्ये निघाले.

प्रथम मी ते युद्धाचे पुस्तक म्हणूनच वाचले. १९४१चे बॉम्बहल्ले, रेशन, सैन्यात गेलेला धाकटा मुलगा यांतच मन गुंतले. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त कामांच्या नोंदींखाली रेघा ओढत गेलो. स्वयंसेविकांच्या केंद्रातले शिवणकाम, कँटीन, युद्धकैद्यांच्या मदतीसाठी चालणारे रेडक्रॉसचे दुकान, आणि घरी परतल्यावर स्वयंपाक.

युद्धकाळातल्या स्त्रियांविषयी आपण वाचतो ते बहुधा पुरुषांच्या जागी कारखान्यात उभ्या राहिलेल्या स्त्रियांबद्दल. नेलाने मात्र कोणा पुरुषाची जागा घेतली नाही. शिवणे, पुरवून वापरणे, चार माणसांना जेवू घालणे हे ती घरात वर्षानुवर्षे करतच होती. नवीन होते ते एवढेच, की घराबाहेरचे लोक आता त्याला देशसेवा म्हणत होते. तेवढ्याने ती बदलली. नवऱ्याच्या मर्जीने वागण्याची जुनी सवय तिची तिलाच खुपू लागली. माझ्या मते पुस्तकाचा गाभा इथे आहे, बॉम्बहल्ल्यांत नाही.

म्हणूनच पुस्तक १९४५मध्ये संपते हे मला खटकते. नेला थांबली नव्हती. ती १९६६पर्यंत लिहीत राहिली. दफ्तरात पडलेली ही बाई पहिल्या संपादकांनी वाचकांपुढे आणली, हे ऋण मान्यच आहे. पण युद्ध संपले तिथे तिला थांबवल्याने, तिच्या कष्टांची दखल युद्धापुरतीच घ्यायची असते, असा समज होतो. पुढची वर्षे ‘नेला लास्ट्स पीस’मधून वाचकांसमोर यायला २००८ उजाडले.

शांतता आली तशी कँटीनची आणि दुकानाची गरज संपली. घरातली सुई आणि चूल चालूच राहिली, पण त्याला आता कोणी देशसेवा म्हणत नव्हते. हे दोन्ही खंड लागोपाठ वाचावेत, एवढेच माझे सांगणे आहे.