विकलेली वस्तू आणि रोखलेला वापर : ‘सिमसिटी’च्या निमित्ताने एक चिकित्सा

‘सिमसिटी’ हा नगररचनेचा संगणकीय खेळ ५ मार्च २०१३ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. सुमारे ६० डॉलर मोजून तो विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना पहिले काही दिवस खेळाच्या दाराशीच तिष्ठत राहावे लागले. खेळ त्यांच्या संगणकात उतरलेला होता, किंमत चुकती झालेली होती, घरचे इंटरनेटही चालू होते. चालत नव्हते ते इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीचे सर्व्हर. या सर्व्हरशी जोडणी झाल्यावाचून खेळ सुरूच होऊ नये अशी त्याची घडण होती. मागणी अपेक्षेबाहेर गेली आणि सर्व्हर कोलमडले. प्रवेशासाठी रांगा लागल्या. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांपैकी काहींची तासन्‌तास खपून उभारलेली नगरे नाहीशी झाली. भार हलका करण्यासाठी कंपनीने खेळातील सर्वांत जलद गती काही काळ काढून घेतली. ॲमेझॉनने डाउनलोड करून घ्यावयाच्या आवृत्तीची विक्री तात्पुरती थांबविली. एवढे होऊनही पहिल्या दोन आठवड्यांत ११ लाख प्रती खपल्या. ग्राहकाची गैरसोय झाली म्हणजे विक्रेत्याचा तोटा होतोच असे नाही, हे या आकड्यावरून ध्यानात यावे. बाजारच विक्रेत्याला धडा शिकवील या नेहमीच्या उत्तराचे बळ त्यामुळे बरेच कमी होते.

या प्रकरणाची हकीकत बहुधा तांत्रिक फजितीची हकीकत म्हणून सांगितली जाते. तीत रस आहे, परंतु तिच्यावर थांबल्यास मुख्य प्रश्न बाजूला राहतो. यंत्र बंद पडणे हा दोष नव्हे. यंत्रे बंद पडतातच. प्रश्न असा की, ज्या यंत्राच्या बंद पडण्याने ग्राहकाची वस्तू निरुपयोगी झाली, ते यंत्र त्या वस्तूच्या वाटेत का उभे होते, आणि कोणाच्या गरजेसाठी उभे होते? या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या रचनेतच शोधले पाहिजे.

विल राइट यांनी रचलेला मूळ ‘सिमसिटी’ १९८९ साली आला. एकट्याने बसावे, रस्ते आखावेत, वीज-पाणी पुरवावे, करांचे दर ठरवावेत आणि वाढणारे शहर पाहावे, असा तो एकांताचा खेळ होता. २०१३ च्या खेळात ही कल्पना बदलली. नगराचे क्षेत्र लहान करण्यात आले. एका प्रदेशात अनेक नगरे आणि त्यांच्यामध्ये वीज, पाणी, कामगार यांची देवाणघेवाण, असा आराखडा स्वीकारण्यात आला. शेजारच्या नगराचा कारभारी दुसरा कोणी खेळाडू असू शकतो, म्हणून सततची जोडणी हा खेळाचा आत्मा होय, अशी निर्मात्यांची भूमिका होती. मॅक्सिस या निर्मितीसंस्थेच्या प्रमुख लुसी ब्रॅडशॉ यांनी पुढे जाऊन असेही प्रतिपादन केले की, खेळातील गणिताचा लक्षणीय भाग कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आणि भरीव तांत्रिक फेरबदल केल्यावाचून त्याला जोडणीविना चालविता येणार नाही.

हे प्रतिपादन तपासून पाहिले तर त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. परक्या खेळाडूच्या नगराशी व्यवहार करावयाचा तर मध्ये सर्व्हर हवा, हे निर्विवाद आहे. परंतु याच खेळात खासगी प्रदेशाचीही सोय होती. तीत सर्व नगरे एकाच खेळाडूच्या ताब्यात राहू शकत. अशा खेळाडूला स्वतःच्या एका नगरातील वीज स्वतःच्याच दुसऱ्या नगरात न्यावयाची असली, तरी ती कंपनीच्या दारातूनच न्यावी लागे. येथे शेजारी कोणी नव्हताच. शिवाय नगराची जतन केलेली स्थिती खेळाडूच्या संगणकात नव्हे तर कंपनीच्या सर्व्हरवर राही. एखादे नगर बिघडले किंवा हरवले, तर जुनी प्रत काढून पुन्हा आरंभ करण्याचा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. ग्राहक-कायद्यात हानीची मोजणी सामान्यतः किमतीवरून होते. चार रात्री जागून वसविलेले नगर या मोजणीत कोठेच बसत नाही, आणि या प्रकरणावरील चर्चेतही ते क्वचितच बसविले गेले.

मार्च २०१३ च्या मध्यापर्यंत हौशी जाणकारांनी खेळाच्या फायलींत किरकोळ फेरफार करून तो जोडणीविना चालवून दाखविला. त्यानंतर ब्रॅडशॉ यांनी जे स्पष्टीकरण दिले ते पहिल्यापेक्षा अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे: जोडणीविना चालणारी मर्यादित आवृत्ती करता आली असती, परंतु ती कल्पित आराखड्यात बसत नसल्याने नाकारण्यात आली. अखेर मार्च २०१४ मध्ये, म्हणजे विक्रीनंतर वर्षभराने, कंपनीनेच ऑफलाइन खेळण्याची सोय उपलब्ध करून दिली. त्यासाठी श्रम लागले असतील, नव्हे लागलेच असतील. तथापि एकट्या खेळाडूपुरती जोडणी ही वस्तूची अपरिहार्य गरज नसून विक्रेत्याची निवड होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. विवाद येथेच बदलतो. जी अडचण वस्तूच्या स्वभावातून येते तिचा काही भाग ग्राहकाने सोसावा, हे समजण्यासारखे आहे; जी विक्रेत्याच्या निवडीतून येते तिचा भार ग्राहकावर टाकण्यास कोणता आधार आहे?

कंपनीने या भाराची फेड कशी केली ते पाहण्यासारखे आहे. ग्राहकांना तिच्या यादीतील एक खेळ विनामूल्य निवडण्याची मुभा देण्यात आली. ही भेट देताना ब्रॅडशॉ यांनी मित्राशी वाईट वागल्यानंतर त्याला काही घेऊन देण्याचा दृष्टान्त वापरला. दृष्टान्त मोकळेपणाचा आहे, आणि म्हणूनच बोलका आहे. मित्राला भेट द्यावयाची की नाही, कोणती द्यावयाची आणि केव्हा द्यावयाची, हे देणारा ठरवितो. ग्राहक मित्र नव्हे. त्याने किंमत मोजली आहे, आणि मोबदला न मिळाल्यास त्याचे येणे निघते. येणे असलेल्याने सावकाराला भेट देऊन हिशेब मिटविण्याची पद्धत बाजारात नाही. त्या यादीत २००३ सालचा ‘सिमसिटी ४’ हाही एक खेळ होता, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. दहा वर्षांपूर्वीचा हा खेळ एकट्याने खेळावयास कोणत्याही सर्व्हरची आवश्यकता नव्हती. नवे नगर उघडत नाही म्हणून कंपनीने जुने नगर हाती ठेवले, आणि आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच सादर केला.

किंमत परत करण्याची रीतसर हमी कंपनीने आपल्या ओरिजिन या दुकानासाठी जाहीर केली ती ऑगस्ट २०१३ मध्ये. खेळ प्रथम सुरू केल्यापासून २४ तासांच्या आत किंवा खरेदीपासून ७ दिवसांच्या आत मागणी करावी, अशी तिची मुदत होती. सुधारणा म्हणून तिचे स्वागत करावयास हरकत नाही. परंतु मार्चमधील गोंधळ कित्येक दिवस चालला होता, हे लक्षात घेता २४ तासांचे माप कोणत्या अनुभवावरून घेतले असावे असा प्रश्न पडतो.

याच्या आदल्या वर्षी कोरियात निराळी वाट दिसली होती. ब्लिझर्ड कंपनीचा ‘डायब्लो ३’ हा खेळ १५ मे २०१२ रोजी आला आणि त्याचेही सर्व्हर पहिल्याच दिवसांत भाराखाली बसले. दक्षिण कोरियातील ग्राहकांनी पैसे परत मागितले, कंपनीने नाकारले, तेव्हा तेथील निष्पक्ष व्यापार आयोगाने महिनाअखेरीस कंपनीच्या कार्यालयाची तपासणी केली. जूनमध्ये कंपनीने खेळातील ४० व्या पातळीपर्यंत पोहोचलेल्या ग्राहकांनाही किंमत परत देण्याचे मान्य केले. येथे भेट नाही, दिलगिरीचा दृष्टान्त नाही. वस्तूचा किती उपभोग झाला याचे एक ओबडधोबड परंतु उघड माप आहे. माप चुकीचे असेल, त्यावर वाद घालता येतो. भेटीवर वाद घालता येत नाही.

विक्रेत्यांच्या बाजूचा पूर्वपक्ष दुर्बळ नाही. चोरट्या प्रती रोखावयाच्या असतात; अनेकजण मिळून खेळतात तेथे लबाडीला आळा घालावा लागतो; ‘डायब्लो ३’ मध्ये तर खऱ्या पैशांनी शस्त्रे विकण्याचा लिलावबाजार होता, आणि त्याचे हिशेब ग्राहकाच्या संगणकावर सोपवणे शक्य नव्हते. हे सर्व मान्य करूनही असे दिसते की, यांतील बहुतेक गरजा विक्रेत्याच्या आहेत. चोरीपासून संरक्षण त्याला हवे आहे. लिलावातील दलाली त्याला मिळावयाची आहे. लिलावबाजार मार्च २०१४ मध्ये बंद झाला; २०१३ मध्ये निघालेली त्याच खेळाची कन्सोलवरील आवृत्ती ऑफलाइन चालतही होती. तेव्हा ज्याच्या गरजेसाठी जोडणी लादली गेली त्यानेच ती तुटण्याची जोखीम घ्यावी, हे तत्त्व मानल्यास पूर्वपक्षातील प्रत्येक कारण विक्रेत्याच्या जबाबदारीचेच कारण ठरते. जे खेळ मुळातच अनेकांनी एकत्र खेळावयाचे आहेत, त्यांना हे तत्त्व जसेच्या तसे लावता येणार नाही. तेथे खंडाच्या प्रमाणात मोबदला हाच मार्ग उरतो.

तत्त्व सोपे असले तरी कायद्याच्या चौकटीत ते बसविताना अडचण येते, आणि ती ‘वस्तू’ व ‘सेवा’ या दोन शब्दांची आहे. सतत जोडणीचा खेळ विकताना व्यवहार वस्तूसारखा होतो: संपूर्ण किंमत एकदाच, आगाऊ. जबाबदारीची वेळ आली की तीच गोष्ट सेवा बनते, आणि तीही ‘जशी असेल तशी, उपलब्ध असेल तेव्हा’ या अटीवरची. विजेच्या ग्राहकाची स्थिती याहून बरी आहे. वीज गेली की मीटर थांबतो. शिवाय विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ नुसार ठरलेले कार्यमान न पाळणारा पुरवठादार ग्राहकास भरपाई देण्यास बांधलेला असतो. खेळाच्या ग्राहकाचा मीटर खरेदीच्या क्षणीच पूर्ण फिरलेला असतो.

भारतीय कायद्यात या कोंडीतून वाट आहे काय? तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’च होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये दिला. तो विक्रीकराच्या संदर्भातील होता आणि ग्राहक-कायद्यास तो आपोआप लागू होतो असे मानणे धाडसाचे ठरेल. अधिक उपयोगाची आहे ती ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील सेवेतील उणिवेची व्याख्या. प्रथमदर्शनी ती निराश करते. कारण कायद्याने आवश्यक किंवा करारान्वये पत्करलेल्या कामातील कमतरता म्हणजे उणीव, असे ती म्हणते, आणि खेळांचे करार तर काहीच न पत्करण्यासाठी लिहिलेले असतात. परंतु ‘करारान्वये’ या शब्दापुढे ‘अथवा अन्यथा’ अशी पुस्ती आहे. या दोन लहान शब्दांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. वेष्टनावरील वर्णन, जाहिरात, विक्रीच्या दिवशी ‘आता खेळा’ म्हणून दिलेले आवाहन, यांतून जे पत्करले जाते ते कराराबाहेरचे असले तरी ‘अन्यथा’मध्ये बसू शकते. वस्तूतील दोषाच्या व्याख्येतही व्यापाऱ्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्याचा समावेश आहे. म्हणजे खेळ वस्तू ठरो वा सेवा, विक्रेत्याचा स्वतःचा शब्द त्याला दोन्हीकडून गाठू शकतो.

परदेशांतील अलीकडच्या कायद्यांनी ही कोंडी निरनिराळ्या रीतींनी फोडली आहे. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक-हक्क कायद्याने ‘डिजिटल आशय’ असा तिसराच वर्ग मानला आणि समाधानकारक दर्जा व वर्णनाशी मेळ या कसोट्या त्याला लावल्या. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, सतत पुरवावयाच्या गोष्टी पुरवठ्याच्या संपूर्ण काळात कराराबरहुकूम असाव्यात असे सांगितले. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून वेगळाच उपाय योजला: ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट केल्याविना ‘खरेदी’ असा शब्द वापरू नये. शब्दाची ही शुद्धी उपयुक्त आहे. तथापि परवाना म्हणून सांगून विकलेला खेळही चार दिवस बंद राहू शकतो, आणि त्या चार दिवसांबद्दल हा कायदा काही बोलत नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याला निमित्त झालेल्या चर्चेत ‘द क्रू’ या खेळाचे नाव वारंवार येते. युबिसॉफ्टने २०१४ मध्ये विक्रीस आणलेल्या या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले, आणि एकट्याने खेळावयाचा भागही त्यांबरोबर गेला. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या नागरिक-याचिकेने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांची मर्यादा ओलांडली. तिची मागणी विक्रेत्याने पाठ फिरविल्यानंतरही खेळ खेळण्याजोगा राहावा अशी आहे. म्हणजे खेळाच्या अंताची काळजी तिने घेतली. ‘सिमसिटी’च्या ग्राहकांना सोसावा लागलेला मधला खंड तिच्या कक्षेत थेट येत नाही. वास्तविक दोन्हींवर औषध एकच आहे, ते म्हणजे ऑफलाइन सोय. परंतु ती अंतकाळी देण्याचे बंधन असेल तर विक्रीच्या पहिल्या दिवशीही ती द्यावी, ही मागणी अद्याप कोणी नेटाने मांडलेली नाही.

भारतातील ग्राहकापुढे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. २०१९ च्या अधिनियमाने ‘अनुचित करार’ ही नवी संकल्पना आणली. वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याचा अधिकार राखून ठेवणारी, किंवा ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात टाकणारी कलमे तीत येतात. ‘उपलब्ध असेल तेव्हा’ हे कलम तपासण्यासाठी याहून योग्य साधन दुसरे नाही. परंतु अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. सेवेतील उणिवेची तक्रार मात्र जिल्हा आयोगाकडेच. तीन-चार हजार रुपयांच्या खेळासाठी जळगाव किंवा चंद्रपूर येथील ग्राहकाने उणीव एका ठिकाणी आणि त्या उणिवेला झाकणारे कलम दुसऱ्या ठिकाणी मांडावे, अशी ही विभागणी आहे. कलम उभे असेतो उणीव सिद्ध होणे कठीण, आणि कलम पाडण्याची सत्ता जिल्ह्याला नाही. दूरदृश्य सुनावणीच्या तरतुदीने प्रवास वाचेल. दोन तक्रारी एक होणार नाहीत. त्यासाठी अधिनियमातील अधिकारक्षेत्राची कलमे बदलावी लागतील.