सही कोणाची? शिलरच्या दोन राण्या

इंग्लंडची एलिझाबेथ आणि स्कॉटलंडची मेरी प्रत्यक्षात कधीच भेटल्या नाहीत. शिलरच्या ‘मारिया स्टुअर्ट’ या पद्यनाटकात मात्र त्या तिसऱ्या अंकात समोरासमोर येतात. नाटक वायमारला १८०० साली रंगभूमीवर आलं. त्यातला सर्वांत गाजलेला प्रवेश कल्पित; मग याला ऐतिहासिक का म्हणायचं? कारण भेट खोटी असली तरी दोघींमधला गादीच्या हक्काचा वाद खरा होता.

मेरी जीवदान मागायला येते, गुडघे टेकते. एलिझाबेथ टोचत राहते आणि शेवटी मेरी उसळून तिला अनौरस म्हणते. भांडण जिंकते, प्राण गमावते.

माझ्या मते खरं नाटक यापुढे आहे. एलिझाबेथ मृत्युदंडाच्या हुकमावर सही करते, कागद चिटणीस डेव्हिसनच्या हाती देते, पण त्याचं करायचं काय, हे काही सांगत नाही. वध झाल्यावर दोष त्याच्यावर! मेरीला कटाचा आरोप मान्य नाही. पण पतीच्या खुनातला आपला वाटा ती कबूल करते आणि मरण हे त्याचं प्रायश्चित्त मानते. शिलरनं कांट पचवला होता. स्वतःच्या कृतीला ‘माझी’ म्हणता येणं, हे स्वातंत्र्य. ते इथे कैदेतल्या राणीकडे आहे.

आता पद्याचं बघा. संवाद बहुतेक निर्यमक. मेरी बागेत मोकळ्या हवेत येते तेव्हा मात्र छंद बदलतो, यमकं जुळू लागतात. पार्लेकरांना संगीत नाटकातलं पद आठवेल.

एक उणीव सांगतो. चौथ्या अंकातलं स्वगत सोडलं, तर एलिझाबेथला तिची बाजू मांडायला फारशी जागा मिळत नाही. पारडं आधीच झुकलेलं आहे.

आपल्याकडे १७१४ साली पन्हाळ्यावर राजसबाईंनी ताराबाईंना कैद करून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. दोघीही राजाराम महाराजांच्या राण्या. आपण याला सवतीमत्सर म्हणतो आणि मोकळे होतो. पण ताराबाईंनी १७०० पासून मुलाच्या नावानं राज्य चालवलं होतं, औरंगजेबाशी झुंज दिली होती. नाव मुलाचं, निर्णय आईचा. मग जबाबदारी कोणाची? या विषयावर लिहिणाऱ्या नाटककारानं मत्सर बाजूला ठेवून हा प्रश्न धरावा, आणि दोन्ही राण्यांना सारखंच बोलू द्यावं.