हळद तपकिरी झाली

गेल्या हंगामात नेरळ-कळंब रस्त्यालगतच्या फार्महाउसांवर लागलेल्या लग्नांचे अल्बम एकामागून एक पाहत गेलो आणि भडकलो. एकाही अल्बमात हळद पिवळी नव्हती. कुठे ती तपकिरी, कुठे मळकट नारिंगी, कुठे चक्क मातीच्या रंगाची. झेंडू विटकरी झालेला, आंब्याची डहाळी शेवाळलेली. कारण या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. फोटोवर तयार प्रीसेट चढवला जातो. त्यात हिरव्या-पिवळ्याची धार बोथट करून त्वचेचा तेवढा एक गुळगुळीत, उजळ रंग राखला जातो. दोन माणसांचे चेहरे साजरे दिसावेत म्हणून उरलेल्या सगळ्या जगाचा रंग काढून घ्यायचा. ज्या विधीचा सगळा जीव एका पिवळ्या रंगात आहे, त्या विधीवरही हाच प्रयोग करताना कुणाचा हात अडखळत नाही, याचा मला संताप येतो.

ही फिकट रंगांची साथ कुठून आली तेही आपल्याला माहीत आहे. 2017 च्या डिसेंबरात विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांचं टस्कनीत लग्न झालं आणि जोसेफ राधिक यांनी काढलेली छायाचित्रं देशभरच्या फोनांवर पोचली. ते काम चांगलं होतं. इटलीतल्या हिवाळ्याचं तिरपं, मवाळ ऊन, मोजके पाहुणे, फिकट गुलाबी पोशाख: त्या जागेला आणि त्या लग्नाला तो रंग शोभत होता. कळंबला मे महिन्यात ऊन डोक्यावर असतं, सावल्या काळ्या पडतात, गवत करपलेलं असतं आणि मांडवात पाचशे माणसं घामाने भिजलेली असतात. या प्रखर जागेचा रंग शोधायचं कष्टाचं काम टाळून परक्या हिवाळ्याचा रंग विकत आणला गेला. गेल्या आठ वर्षांतल्या आपल्याकडच्या लग्न-छायाचित्रणाचा बराचसा इतिहास एवढ्यात आटोपतो.

ड्रोनने मांडव वरून दिसतो आणि लग्न दिसत नाही. रंगीत धुराच्या नळकांड्यांवर लिहिण्यासारखं काही नाही. सिनेमॅटिक नावाने मिळणाऱ्या चित्रफितींत संथ चाल आणि पार्श्वसंगीत काढून टाकलं, तर पाहण्याजोगे दोन क्षण उरत नाहीत.

प्री-वेडिंगबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण त्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. चौकला नितीन देसाई यांनी 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथे उभा राहिला, आणि पुढे मुंबई-पुण्याची जोडपी त्या महालांसमोर फोटो काढून घेऊ लागली. त्यात मला काहीच कमी प्रतीचं वाटत नाही. आपल्या जुन्या स्टुडिओंत रंगवलेला पडदा असायचा, त्यावर कमानी, जिने, तळं, कधी ताजमहाल. ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’त मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंवर लिहिताना हेच दाखवलं की आपल्या माणसाला छायाचित्रात स्वतःचं वेगळं रूप घडवून हवं असतं. पडद्यासमोर उभं राहणारं जोडपं पडदा हा पडदा आहे हे जाणून उभं राहतं. सोंग कबूल केलेलं असतं, त्यामुळे त्यात प्रामाणिकपणा आहे. माझं भांडण आहे ते खऱ्या गावाचा पडदा करण्याशी.

जुलै-ऑगस्टमध्ये कळंब, पोशीर, कशेळे या बाजूला जा. चातुर्मास लागलेला असतो, लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून हाच प्री-वेडिंगचा हंगाम. आणि हाच भाताच्या लावणीचा. चिखलात वाकलेल्या बायकांची रांग, आवण घेऊन धावणारी पोरं, औताचा आवाज, आणि त्याच बांधावर लांब घोळाचा गाऊन सावरत उभी असलेली नवरी. चौकट अशी धरतात की रोपं तेवढी यावीत आणि ती लावणारा एकही हात येऊ नये. मग लग्न लागतं तुळशीच्या लग्नानंतर. तेव्हा शेतात कापणी होऊन गेलेली असते, बांधावर भाऱ्यांची उडवी रचलेली असते, खळ्यावर झोडणी चालू असते. मुळात सुंदर असा हा काळ अल्बमात जवळजवळ येतच नाही, कारण हिरवं आधीच काढून ठेवलेलं असतं. एकाच गावाचे दोन ऋतू, दोन्ही माणसांनी भरलेले. अल्बमात एकही नाही. कर्जत तालुक्यातल्या पोशीर धरणाला 2025 मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली आहे. या खोऱ्यातली जमीन उद्या कशी दिसेल ते सांगता येत नाही, आणि आज इथे दर शनिवार-रविवारी उघडणाऱ्या कॅमेऱ्यांनी तिची नोंद ‘निसर्गरम्य ठिकाण’ याच्यापलीकडे केलेली नाही.

आता जे मला आवडलं त्याकडे येतो. हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला.

कळंब बाजूच्या एका छायाचित्रकाराने काढलेले आगरी हळदीचे फोटो मी पाहिले. मोठ्या पॅकेजच्या लग्नांत त्याला ‘ट्रॅडिशनल’ म्हणून लावतात, म्हणजे स्टेजवरच्या रांगा आणि विधी त्याच्याकडे, आणि जोडप्याचे ‘कॅन्डिड’ शहरातून आलेल्याकडे. मानधनही त्या मानानेच. पण त्याचं काम पाहताना मला वाटलं की इथे कुणाला तरी लग्न म्हणजे काय ते कळलं आहे. एका चित्रात धवलारीण अगदी मधोमध आहे, धवला गाताना तोंड उघडं, डोळे मिटलेले. आगरी लग्नात विधी तिच्या गाण्याच्या बळावर पुढे सरकतो, म्हणून ती मधोमध. नवरा डाव्या कडेला, हळदीने माखलेला, अर्धा एका मामाच्या खांद्याआड. मागे बँडवाले वाद्यं पुसताहेत, खुर्चीवर एक पोर झोपलंय, आणि उजवीकडे दोन बायकांचं काहीतरी बिनसलंय, एकीने दुसरीचा हात झटकलाय. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात हळदीचा पिवळा वेगळा उठून दिसतो. त्याने तो जपलाय. चित्राच्या चारही कोपऱ्यांत काही ना काही घडतंय आणि तरीही गर्दी झालेली नाही.

अशी चौकट भरायला काय लागतं? रघुवीर सिंह यांची छायाचित्रं ज्यांनी नीट पाहिली आहेत त्यांना हे सांगायला नको: कडेपासून कडेपर्यंत माणसं, प्रत्येकाचा आपला उद्योग, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा रंग. महेश शांताराम यांच्या ‘मॅट्रिमॅनिया’ या मालिकेने भारतीय लग्नाच्या झगमगाटामागच्या कंटाळलेल्या, थकलेल्या कोपऱ्यांकडे पाहायला शिकवलं. आमच्या या छायाचित्रकाराने यातलं काही पाहिलं असेलच असं नाही. तो इथल्या लग्नांत वाढला आहे. कोण कुणाची आत्या आणि कोण कुणाशी दोन वर्षं बोलत नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून त्याचं बोट नेमक्या वेळी पडतं. त्याच्या हातात 35 मिलिमीटरची लेन्स असते आणि छिद्र तो बऱ्यापैकी बारीक ठेवतो.

ही लेन्सची गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. माझ्या मते सगळं भांडण तिथेच आहे. आज ‘कॅन्डिड’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक 85 मिलिमीटरच्या लेन्सवर, छिद्र 1.4 पर्यंत उघडून काढलेलं असतं. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर नवरी 3 मीटरवर असेल तर नेमकं स्पष्ट राहतं जेमतेम 10 सेंटीमीटर अंतर. तिच्या डोळ्यापासून कानापर्यंत. तिच्यामागे उभी असलेली आई म्हणजे साडीच्या रंगाचा एक डाग. हेच 3 मीटरचं अंतर 35 वर, छिद्र 8 ठेवून धरलं तर साधारण 2 मीटरपासून 7 मीटरपर्यंत सगळं स्पष्ट: आई, करवली, कलश, भटजी, दारात घुटमळणारे वडील. पहिल्या चित्रात एक सुंदर मुलगी आहे, दुसऱ्यात लग्न आहे. पार्श्वभूमी पुसणं हे आता सौंदर्याचं लक्षण मानलं जातं. पण लग्नात पार्श्वभूमी म्हणजे आजी, आत्या, काका, शेजारी. त्यांना पुसून टाकणाऱ्या तंत्राला मी कौशल्य म्हणायला तयार नाही. नवे कॅमेरे तर डोळा ओळखून स्वतःच फोकस धरतात, आणि नवरीचा डोळा एकदा पकडला की तो सोडायचा कशाला असं छायाचित्रकारालाही वाटू लागतं.

रोलच्या काळात 120 च्या फिल्मवर 12 चौकोनी चित्रं यायची. तेवढ्यात सीमांतपूजन ते झाल बसवायची म्हणजे विधींचा क्रम पाठ असावाच लागे. आजच्या ‘ट्रॅडिशनल’वाल्याला तो वारसा मिळालाय, आणि आपण त्याची किंमत पॅकेजात सर्वांत खाली लावली. झालीचंच पाहा. टोपलीत दिवे ठेवून ती वराकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यांवर टेकवतात, मुलीची आई रडत असते, आणि दिव्यांचा उजेड खालच्या चेहऱ्यांवर पडलेला असतो. इतका नाट्यमय, नैसर्गिक प्रकाश लग्नात दुसऱ्या कुठल्या क्षणी मिळतो? मी पाहिलेल्या महागड्या अल्बमांत झालीचं एकही नीट चित्र नाही. शहरी पथक तोवर सामान आवरत असतं.

आणि गोरज मुहूर्त. फार्महाउसवरच्या लग्नांत हा मुहूर्त फार मागितला जातो, कारण उन्हं उतरलेली असतात. छायाचित्रकारांची सोनेरी वेळही तीच. त्यात कळंबच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर; सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्याच्यामागे जातो आणि ती वेळ आणखी आखूड होते. मग ओढाताण सुरू होते: मंगलाष्टकं की बांधावरची छायाचित्रं? भटजी घड्याळ पाहतात, वऱ्हाड अक्षता मुठीत धरून बसतं, आणि नवरा-नवरी ‘फक्त दहा मिनिटं’ बाहेर गेलेली असतात. मुहूर्त पाळावा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण आशीर्वाद द्यायला लांबून आलेल्या माणसांना ताटकळत ठेवून काढलेल्या चित्रात प्रेम दिसेल असं मानणाऱ्याला प्रेमाची काय समज आहे? त्या वेळी पूर्वेला वळून पाहिलं तर सह्याद्रीच्या कड्यावर अजून ऊन असतं आणि मवाळ उजेडात अख्खा मांडव उजळलेला असतो. सगळे जिथे बसलेत तिथेच उत्तम प्रकाश आहे. पण त्यासाठी जोडप्याकडे पाठ करून वऱ्हाडाकडे कॅमेरा वळवावा लागतो.

‘गिऱ्हाईक मागतं ते आम्ही देतो,’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. ते अर्धंच खरं आहे. गिऱ्हाइकाला जे दाखवलं जातं त्यातूनच ते मागतं. बुकिंगच्या वेळी पुढे येणाऱ्या नमुना अल्बमात आजीचा फोटो नसेल, तर आजी कोण मागेल? आणि पंधरा-वीस वर्षांनी तीच माणसं अल्बम उघडून काय शोधतात हे कुठल्याही घरात जाऊन पाहा. स्वतःचा तरुण चेहरा क्षणभर पाहतात. मग बोटं फिरतात ती गेलेल्या माणसांवर: ‘हे बघ, अण्णा इथे बसलेत.’ अण्णा डाग झाले असतील, तर त्या अल्बमाचे घेतलेले लाख-दोन लाख रुपये कशाचे? हा प्रश्न मी छायाचित्रकारांना विचारतो, कारण अण्णा उद्या नसतील हे नवरा-नवरीला त्या दिवशी सुचणार नाही. शेकडो लग्नं पाहिलेल्या माणसाला सुचलं पाहिजे. त्याचा अनुभव त्याचसाठी आहे.

यंदाच्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि छायाचित्रकाराने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याच्या पुढे कुणीतरी आलं होतं. अंतरपाट पुन्हा धरला गेला, नवरा-नवरी पुन्हा एकमेकांआड झाली, लोकांनी पुन्हा मुठी उचलल्या. कुणी हरकत घेतली नाही. लोकांना या प्रसंगात अडवायचं कुणाला हे सुचेनासं झालंय, आणि त्याला हा धंदा जबाबदार आहे. अक्षता एकदाच पडतात. तो क्षण हुकला तर कबूल करावं, पुढच्या क्षणाला लागावं. नवरीच्या मामाचा चेहरा, मुठी रिकाम्या झालेले हात, पहिल्यांदा समोर पाहणारी दोघं, हे सगळं तेव्हा समोरच असतं. जो तिथे न पाहता अंतरपाट पुन्हा धरायला सांगतो, त्याचं काम कितीही प्रदर्शनांत लागलं आणि कितीही पारितोषिकं घेऊन आलं, तरी लग्नाचा छायाचित्रकार म्हणून मी त्याचं नाव घेणार नाही.