न पाहिलेला गांव

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठींत आतां चांगलाच फोफावला आहे. त्याच्या वाढीविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्याच्या परीक्षणाविषयीं. प्रवासवर्णनाचा परीक्षक बहुधा दोनच प्रश्न विचारतो. माहिती खरी आहे काय? आणि भाषा चटकदार आहे काय? लेखक घरून निघाला तेव्हां त्या दूरच्या गांवाविषयीं मनांत काय घेऊन निघाला होता, आणि तेथें पोंचल्यावर त्या मनोराज्याचें काय झालें, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें आरंभ येथूनच केला पाहिजे. माहिती नकाशाहि देतो. चटकदार भाषा तर घरीं बसूनहि लिहितां येते.

मनोराज्य म्हटलें कीं आपल्याकडे लगेच शेखमहंमदाची आठवण काढून हंसण्याची चाल आहे. परंतु प्रवासाच्या बाबतींत हें हंसणें अनाठायीं होय, आणि या कामीं वर्ड्‌स्वर्थ कवीची साक्ष काढण्यासारखी आहे. १८०३ सालीं तो बहिणीसह स्कॉटलंडांत हिंडत होता. यॅरो नदीचें खोरें वाटेपासून फारसें दूर नव्हतें, आणि जुन्या पोवाड्यांतून त्या नदीचें नांव त्याच्या ओळखीचें झालेलें. तरी त्यानें तिकडे पाऊल वळविलें नाहीं, आणि त्या न जाण्यावरच कविता लिहिली. आमच्या मनांत आमची एक यॅरो आहे, तिला धक्का कशाला लावावा, असा त्याचा एकंदर सूर आहे. पुढें १८१४ सालीं तो तेथें गेला व दुसरी कविता झाली. तिसरी १८३१ मधली. त्या वेळीं सर वॉल्टर स्कॉट सोबत होता; त्याची प्रकृति ढासळलेली होती, तो हवापालटासाठीं नेपल्सकडे निघावयाचा होता, आणि पुढच्याच वर्षीं वारला.

या तीन कवितांत पहिली अधिक खेळकर व म्हणून अधिक लोकप्रिय आहे. तिसरींत मित्राच्या काळजीनें नदीला मागें लोटलें आहे. माणूस म्हणून कवीविषयीं आदर वाटतो, कविता मात्र जड पायांनीं चालते. आमचें मत दुसरीच्या बाजूचें आहे. तिच्या आरंभीं कवि नदीकडे पाहून जवळजवळ हिरमुसला होतो. पोवाड्यांतली नदी ती हीच काय? नंतर हळूहळू समोरचें शांत खोरें आपलें म्हणणें पटवूं लागतें, आणि शेवटीं मनांतली नदी पुसली न जातां डोळ्यांपुढच्या नदीशेजारीं येऊन बसते. हिरमोड लपवावयाचा नाहीं आणि त्यालाच कवटाळूनहि बसावयाचें नाहीं, हें जें येथें साधलें आहे तेंच चांगल्या प्रवासवर्णनाला साधावें लागतें. ज्यानें मनांत कांहींच नेलें नव्हतें त्याला हिरमोड नाहीं, आणि म्हणून शोधहि नाहीं.

हें परक्या वाङ्मयाचें झालें. आमच्या घरीं मेघदूत आहे. तें शापित यक्षाचें मनोराज्यच. परंतु त्याचा भूगोल किती चोख! रामगिरि, आम्रकूट, रेवा, विदिशा, वेत्रवती, दशपूर, कुरुक्षेत्र, कनखल, असा मुक्कामांचा क्रम लावलेला आहे. आणि मध्यें उज्जयिनीसाठीं मेघाला वांकड्या वाटेनें जाण्याचा आग्रह केलेला आहे. प्रिया वाट पाहत असतां निरोप्याला आडवाटेला पाठविणारा हा विरही कसला, अशी शंका एखादा अरसिक घेईल. पण ज्याला जातां येत नाहीं त्यालाच वाटेवरचें एकहि चांगलें ठिकाण सोडवत नाहीं. जो प्रत्यक्ष निघतो त्याला गाडी गांठावयाची असते. दुसरी गोष्ट याहूनहि नाजूक आहे. यक्षाची अलका कैलासाच्या अंगाखांद्यावर वसलेली असली, तरी ती त्याला अपरिचित नाहीं. तें त्याचें घर आहे. पूर्वमेघांतली पृथ्वी खरी आणि उत्तरमेघांतली नगरी स्वप्नवत्, पण दारांतली खूण त्या नगरींतली!

रामगिरि म्हणजे नागपूरजवळचें रामटेक, असें म. म. मिराशींचें मत, मल्लिनाथ चित्रकूट म्हणतो. आम्ही एका आषाढांत रामटेकच्या टेकडीवर चढलों तेव्हां आकाश घासून ठेवलेल्या पितळी ताटासारखें स्वच्छ होतें. सोबतच्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें मेघ रजेवर असल्याचें जाहीर केलें. तरी परततांना दूरवरच्या तलावाकडे पाहून सगळेच कांहीं वेळ गप्प झाले होते. ती शांतता टेकडीनें दिली कीं काव्यानें, याचा निवाडा आम्हीं केलेला नाहीं.

अलीकडे या मनोराज्यावरच गदा आली आहे. हातांतल्या यंत्रावर कोणत्याहि शहराचा कोणताहि चौक घरबसल्या दिसतो. चित्रें तयार मिळालीं कीं मन स्वतः चित्र काढीत नाहीं, आणि प्रवासी निघतो तो पाहिलेलें चित्र जागेवर आहे ना, एवढें तपासावयास. मग पुस्तकाला पंचनाम्याची कळा येते. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकाचें नांवच एक मनोराज्य आहे. इंग्लंडचें धुकें व रशियाचा तारा ही जोडी त्यांत आधींच ठरलेली दिसते. सोव्हिएट संघ १९९१ सालीं विसर्जित झाला, पण पुस्तक निकामी झालें नाहीं, कारण एका पिढीची आशा कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती तें त्यावरून कळतें. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ची (१९६०) खुमारीहि निघण्यापूर्वींच्या लगबगींत बरीच आहे.

या सर्वांहून आम्हांस मोठें वाटतें तें एका भिक्षुकाचें पुस्तक. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं चुलत्यासह उत्तरेकडे निघाले. घरीं कर्ज होतें, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता कानीं आलेली. त्यांच्या मनोराज्यांत क्रांति नव्हती, राणी नव्हती, दक्षिणा होती. परंतु वाटेंत शिपायांचा उठाव भेटला, आणि पुढें झांशीचा वेढा. १८५८ च्या एप्रिलांत इंग्रज शहरांत शिरल्यावर जी कत्तल व लूट झाली ती त्यांनीं जीव मुठींत धरून पाहिली. मिळविलेलें द्रव्यहि गेलें. पुस्तकाचें बळ असें कीं लेखक आपलें मूळचें लहान मनोराज्य लपवीत नाहीं. मोठा इतिहास डोळ्यांपुढें घडत असतां तो इतिहासकाराचा आव आणीत नाहीं; दानधर्म, जेवणखाण, राणीचा पोशाख आणि जळणारीं घरें एकाच साध्या भाषेंत सांगतो. चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं तें छापलें तेव्हां मजकुरांत बरेच फेरफार केले. मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. वैद्यांनीं पुस्तक जगापुढें आणलें हे उपकार खरे, पण भटजींचा स्वतःचा आवाज ज्यांना ऐकावयाचा असेल त्यांनीं दुसरी आवृत्तीच हातीं घ्यावी.

आपल्या आज्यापणज्यांच्या पिढींत काशी पाहिलेलीं माणसें गांवांत थोडींच असत. बाकीच्यांची काशी मावंद्याच्या पंगतींत ऐकलेली. वर्षानुवर्षें ती मनांत सांभाळणाऱ्या त्या बायकांना आम्ही प्रवासवर्णनाच्या उत्तम वाचक समजतों, जरी त्यांनीं एकहि पुस्तक वाचलें नसलें तरी. कोणतेंहि नवें प्रवासवर्णन हातीं आलें कीं, हें तेथें जाऊं न शकणाऱ्या माणसाला कांहीं देतें काय, असें आम्ही स्वतःला विचारतों. गोडसे भटजींजवळ देण्यासारखें काय उरलें होतें? रुपये आणावयास गेलेला माणूस परतला तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानें त्यानें आईबापांना स्नान घातलें.