स्ट्रायकर आणा!

नव्याने वर आलेल्या टीमने सीझन गाजवला की चाहत्यांत एकच वाद पेटतो: मालकाने आता तरी खिसा सैल करावा की नाही? माझं उत्तर ठरलेलं असायचं, करावाच. शेफील्ड युनायटेडने ते डळमळीत केलं.

२०१९-२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतलेली ही टीम थेट नववी आली. ३८ सामन्यांत गोल मात्र ३९च. मग आम्ही सगळे (हो, मीही) ‘स्ट्रायकर आणा’ म्हणून ओरडत सुटलो. क्लबने आणला. लिव्हरपूलचा रियान ब्रूस्टर, सुमारे २ कोटी ३५ लाख पौंड, क्लबची तोवरची सर्वांत महाग खरेदी. त्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल शून्य आणि टीम तळाला.

त्या पोराला व्हिलन ठरवणं सोपं आहे. पण नववा नंबर आला होता बचावामुळे. टीमने गोल खाल्लेही ३९च होते. क्रिस वाइल्डरच्या खेळात सेंटर-बॅकच विंगवरून पुढे धावायचे, डावीकडून जॅक ओ’कॉनेल. तोच गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. लोनवर असलेला गोलकीपर डीन हेंडरसन मँचेस्टर युनायटेडला परतला. त्याच्या जागी आलेला रॅम्सडेलही स्वस्त नव्हता. त्या वर्षी टीमने ६३ गोल खाल्ले.

म्हणून ‘मालक कंजूष’ ही ओरड मला इथे आळशी वाटते. पैसा ओतला होता. ओ’कॉनेलशिवाय हा खेळ चालणार कसा, हे आम्ही विचारलंच नाही. माझ्या तेव्हाच्या यादीत चार स्ट्रायकर होते. डिफेंडर एकही नाही.