कोरणारा हात आणि किनाऱ्याचे दृश्य

जुलै 1904 मध्ये 'म्योजो' या जपानी काव्यविषयक नियतकालिकात यामामोतो कानाए (1882-1946) याची 'ग्योफू' म्हणजे 'मच्छीमार' ही काष्ठमुद्रा प्रसिद्ध झाली. चोशी या बंदरगावी केलेल्या रेखाटनावरून ती सिद्ध झाली होती. रेखाटन, कोरणे आणि छापणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीने केली, या कारणाने 'सोसाकू हांगा' अर्थात सर्जनशील मुद्राचित्रांच्या चळवळीचा आरंभ या चित्रापासून मानला जातो. हा आरंभ कवितेच्या नियतकालिकात व्हावा, हे लक्षणीय आहे. कारण येथे उपस्थित झालेला प्रश्न तंत्राचा नसून कर्तृत्वाचा आहे.

उकियो-ए परंपरेत प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशी श्रमविभागणी होती. होकुसाईच्या सुमारे 1831 मधील प्रसिद्ध लाटेची रेषा ही मुळात कुंचल्याची रेषा होय. कोरणारा फळीवर चिकटवलेल्या कागदावरील त्या रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी. त्याचे कौशल्य जितके श्रेष्ठ, तितकी त्याच्या हत्याराची खूण अदृश्य! 'मच्छीमार'मध्ये नेमके उलट घडते. कुंचल्याची लय येथे लोपते आणि पातीचा काप काप म्हणूनच दिसतो. समकालीन चित्रकार इशिई हाकुतेई याने या प्रकाराला 'तोगा', म्हणजे पातीने काढलेले चित्र, असे नाव दिले, ते सार्थ होते.

या चळवळीचे समर्थन सामान्यतः व्यक्तिवादाच्या परिभाषेत केले जाते. 1910 मध्ये ताकामुरा कोतारो याने 'हिरवा सूर्य' या निबंधात कलावंताच्या निरपवाद स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. त्याच विचारविश्वात सोसाकू हांगाची भूमिका घडत गेली. रोलाँ बार्थच्या 1967 मधील 'लेखकाचा मृत्यू' या निबंधानंतर ही भूमिका भाबडी वाटणे साहजिक आहे. एकाच हाताने सर्व केले म्हणून कलाकृती अधिक सत्य ठरत नाही. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो याच्या शिन-हांगा चळवळीत जुनी श्रमविभागणी कायम होती. तरीही कावासे हासुईच्या किनारादृश्यांतील पाण्याच्या छटा कमी प्रतीच्या ठरत नाहीत.

तथापि हा आक्षेप एक गोष्ट नजरेआड करतो. यामामोतो लहानपणीच कोरणाऱ्याच्या धंद्यात उमेदवारीसाठी गेला होता. चित्रकलेचे शालेय शिक्षण त्याने नंतर घेतले. म्हणजे येथे चित्रकाराने कोरणाऱ्याचे काम बळकावलेले नाही. कोरणाऱ्याने पाहण्याचा अधिकार मागितला आहे. उकियो-एच्या काही पत्रांवर कोरणाऱ्याची मुद्रा आढळते, पण दृष्टी मात्र चित्रकाराचीच मानली जाई. ज्याला कर्ता म्हणून कधी मान्यताच मिळाली नव्हती, त्याच्या संदर्भात कर्त्याच्या मृत्यूची घोषणा वेगळ्या अर्थाने ऐकावी लागते.

किनाऱ्याचा विषय या ठिकाणी केवळ योगायोग उरत नाही. समुद्राला बाह्यरेषा नसते. रेषेने तो बांधायचा तर होकुसाईप्रमाणे लाटेला आकृतीचे रूप द्यावे लागते. फ्रान्समधील वास्तव्यात (1912-16) यामामोतोने ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील खाडीचे जे चित्र केले, त्यात जमीन व पाणी यांची सीमा प्रामुख्याने रंगक्षेत्रांच्या सान्निध्यातून सिद्ध होते. कोरणे म्हणजे रेषेची राखण नव्हे, तर क्षेत्रांचा निर्णय, हे येथे स्पष्ट होते. ओन्चि कोशिरो (1891-1955) याने 1934 मधील 'उमी नो दोवा' म्हणजे 'समुद्राची परीकथा' या ग्रंथात स्वतःच्या कविता व मुद्राचित्रे एकत्र आणली. तेथे समुद्र हे स्थळ न राहता शब्द आणि चित्र यांना जोडणारी भावावस्था बनतो.

मात्र या वाटचालीत काहीतरी निसटलेही. चोशीचा मच्छीमार श्रम करणारा माणूस होता आणि त्याला कोरणारा हातही श्रमातूनच घडला होता. ओन्चिच्या समुद्रात कर्त्याचे अंतर्मन गहिरे झाले, पण श्रमाचा तो दुहेरी संदर्भ विरळ झाला. म्हणून सोसाकू हांगाचे मूल्यमापन 'एकच हात' या निकषावर थांबवता येणार नाही. तो हात कोणाचा होता आणि पाहण्याचा हक्क त्याने कोणाकडून मिळवला, हा प्रश्न समीक्षेने प्रत्येक चित्रापुढे नव्याने विचारला पाहिजे.